वेखंडाची पुरचुंडी : तंजावरचा धन्वंतरी महाल आणि पूरक उपचारांची कसोटी

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रांच्या पोथ्यांजवळ एक लहानशी कापडी पुरचुंडी ठेवण्याची पद्धत आहे. वेखंड, कलौंजी, लवंग, मिरी आणि दालचिनी यांची पूड आणि त्यात थोडा कापूर, एवढेच तिचे घटक. वास उडून गेला की पुरचुंडी बदलायची. ताडपत्रे पोखरणारा गॅस्ट्रॅलस इंडिकस हा भुंगेरा, कसर आणि ग्रंथ-उवा यांना दूर ठेवणे हे तिचे काम. याच ग्रंथालयात वैद्यकावरील हस्तलिखितांचाही मोठा संग्रह आहे आणि भारतीय वैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथात असतात त्याप्रमाणे मिरी, लवंग, वेखंड ही द्रव्ये तेथेही औषध म्हणून येतात. जी वस्तू किड्याला नकोशी, तीच माणसाला औषधी कशी, हा प्रश्न कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला पडणे स्वाभाविक आहे. सुगंधोपचार, निसर्गोपचार, घरगुती काढे आणि लेप यांचा प्रसार खेडोपाडी वाढत असताना विस्तार कार्यकर्त्यांनाही तो आज विचारला जातो. गावकऱ्यांच्या दृष्टीने ‘शेतीचा साहेब’ हा वनस्पतींचा जाणकार असतो. निंबोळी अर्काची मात्रा सांगणाऱ्यालाच गुडघेदुखीवर कोणते तेल चोळावे, हेही विचारले जाते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक चांगली रीत तंजावरच्याच मराठी राज्यात सापडते. व्यंकोजी राजांनी सतराव्या शतकात स्थापन केलेल्या भोसले घराण्याच्या या गादीवर 1798 मध्ये दुसरे सरफोजी राजे बसले. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला व त्याचा परिसर तेवढा उरला. सत्ता गेली, पण जिज्ञासा शिल्लक होती. त्यांनी ग्रंथसंग्रह वाढवला, छापखाना घातला आणि धन्वंतरी महाल ही वैद्यकीय संस्था उभी केली. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय या चारही परंपरांचे जाणकार काम करीत. माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे तयार होत. औषधी वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली जात. आज ज्याला एकात्मिक वैद्यक म्हटले जाते, त्याचा हा नमुना दोनशे वर्षांपूर्वीचा आहे.

तथापि चार परंपरा एका छताखाली आणणे ही त्या संस्थेची खरी कामगिरी नव्हे. खरी कामगिरी नोंदींची. रुग्णांची टिपणे ठेवली जात. नेत्ररुग्णांच्या टिपणांबरोबर रोगट डोळ्यांची चित्रेही जोडलेली आढळतात. अनुभवास उतरलेले उपचार पुढे तमिळ पद्यांत गुंफण्यात आले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते ओळखले जातात. शरभेंद्र म्हणजे सरफोजी. आजच्या नियंत्रित चाचण्यांशी या नोंदींची तुलना करता येणार नाही. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, आपोआप बरे होणारे आजार वेगळे काढण्याची सोय नव्हती. तरीही औषध कोणते, रुग्ण कोण आणि परिणाम काय, हे लिहून ठेवण्याचा आग्रह होता. आज पूरक उपचारांची जाहिरात करणाऱ्यांपैकी अनेकांकडे तेवढाही नसतो.

एक मुळी, तीन उपयोग

पुरचुंडीतील वेखंडाचे उदाहरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे. अकोरस कॅलॅमस या पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतीच्या जमिनीखालील खोडाला आपण वेखंड म्हणतो. तमिळमध्ये त्याला वसंबु हे नाव आहे. त्याच्या तेलातील बीटा-ॲसरोन हा घटक साठवणुकीतील भुंगेऱ्यांवर विलक्षण परिणाम करतो. तो किड्याला लगेच मारतोच असे नाही. त्याच्या वाफेने मादीच्या अंडाशयाची वाढ खुंटते आणि पुढची पिढी निर्माण होत नाही. म्हणूनच उडीद, मूग, चवळी यांच्या बियाण्यास दर किलोस 10 ग्रॅम वेखंड पूड चोळण्याची पद्धत दक्षिणेत रूढ आहे. ही प्रक्रिया बियाण्यापुरतीच आहे, खाण्यासाठी ठेवलेल्या कडधान्याला ती नको. शिवाय बियाणे आधी नीट वाळलेले असले पाहिजे. ओलसर दाण्यात पूड मिसळली तर किडीआधी बुरशीच लागते.

पुरचुंडीतील इतर घटकांचीही अशीच कारणे सांगता येतात. लवंगेतील युजेनॉल हे किड्यांच्या मज्जासंस्थेतील ऑक्टोपामिन या संदेशवाहकाच्या कार्यात अडथळा आणते. मिरीतील काही अमाइड द्रव्येही त्यांच्या मज्जातंतूंवर आघात करतात. कापराची वाफ बंद जागेत धुरीसारखी पसरते. वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी द्रव्ये एकत्र आल्यामुळे किडीला सगळ्यांशी एकाच वेळी जुळवून घेणे अवघड जाते. पुरचुंडी बांधणाऱ्यांना यातील रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. निरीक्षण मात्र चोख होते.

आता तीच मुळी माणसाच्या घरात पाहू. महाराष्ट्रात बाळगुटीत वेखंडाचे वेढे उगाळून घालतात, तमिळनाडूत वसंबु जाळून त्याची काजळी तान्ह्या मुलाच्या पोटावर लावतात. दोन्हीकडे आजीचा हात आणि दोन्हीकडे अढळ विश्वास. परंतु ज्या बीटा-ॲसरोनमुळे भुंगेऱ्याची वीण थांबते, तेच द्रव्य दीर्घकाळ खाऊ घातल्यावर उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्याचे 1960 च्या दशकातील प्रयोगांत आढळले. त्या प्रयोगांत जम्मूकडील वेखंडाचे तेल वापरले होते. 1968 मध्ये अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड व त्याचे तेल वापरण्यावर बंदी घातली. उत्तर अमेरिकेतील देशी जातीत हे द्रव्य जवळजवळ नसते, युरोपीय जातीत थोडे असते, तर भारतात मिळणाऱ्या वेखंडात ते पुष्कळ असू शकते. म्हणजे परदेशी संकेतस्थळावर वाचलेला निर्धोकपणाचा दाखला आपल्या वेखंडाला लागू होईलच असे नाही. आयुर्वेदातही वेखंड पोटात देण्यापूर्वी शोधन करण्यास सांगितले आहे. बाळगुटीच्या सहाणेवर ते कोणी करीत नाही.

याचा अर्थ उगाळलेल्या एका वेढ्याने बाळाला कर्करोग होतो, असा नव्हे. तसा पुरावा नाही. मात्र पुरचुंडीत, बियाण्यात आणि तान्ह्या मुलाच्या पोटात वेखंडाची मात्रा, मार्ग आणि धोका ही तीन वेगळी प्रकरणे आहेत, आणि ‘वनस्पती आहे, म्हणजे अपाय नाही’ हे एकच वाक्य तिन्हींना लावता येत नाही. वेखंडाचे किंवा कोणतेही सुगंधी तेल तर मुलांना पाजूच नये. कापूर गिळल्यास लहान मुलांना झटके येतात. कडुनिंबाचे तेल पाजल्यामुळे अर्भकांच्या यकृतावर व मेंदूवर गंभीर परिणाम झाल्याची प्रकरणे मलेशियातील डॉक्टरांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केली होती. ज्या कार्यकर्त्याच्या पिशवीत निंबोळी तेलाची बाटली असते, त्याने हे ठाऊक करून घेतलेले बरे.

सुगंध, आसने आणि त्यांची मर्यादा

‘अरोमाथेरपी’ हा शब्द रने-मोरिस गॅटफोसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने रूढ केला. त्याचे या विषयावरील पुस्तक 1937 मध्ये निघाले. लव्हेंडरसारख्या तेलांच्या गंधाने काही रुग्णांची अस्वस्थता काही काळ कमी होते, असे दर्शवणारे अभ्यास आहेत. संसर्ग, मधुमेह किंवा कर्करोग गंधाने बरा होतो असा पुरावा नाही. डास दूर ठेवण्याचेच उदाहरण घ्यावे. सिट्रोनेला आणि गवती चहाची तेले डासांना नकोशी असतात हे खरे. पण ती इतकी उडनशील आहेत की अंगाला लावल्यावर साधारण दोन तासांच्या आतच त्यांचा प्रभाव ओसरतो. संध्याकाळी तेल लावून रात्रभर निर्धास्त झोपणाऱ्याला मच्छरदाणी लागतेच. डेंगीचा डास तर दिवसा चावतो. पपईच्या पानांच्या रसावर भिस्त ठेवून प्लेटलेटची आणि रक्तदाबाची तपासणी लांबवणे, हा डेंगीतील खरा धोका आहे.

योगाची स्थिती तुलनेने बरी आहे. दीर्घकाळच्या कंबरदुखीत नियमित योगाभ्यासाने वेदना व हालचाल यांत थोडीफार सुधारणा होते, असे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. कावेरीच्या खोऱ्यातील असो वा कोकणातील, भातलावणीत दिवसभर वाकणाऱ्या स्त्रियांना याचा उपयोग होऊ शकतो. मात्र पायात मुंग्या येणे, बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणे ही लक्षणे दिसली तर आसने थांबवून डॉक्टरांकडेच जावे लागते.

गोठ्यातील तंजावर

धन्वंतरी महालाने जनावरांचाही विचार केला होता आणि योगायोग असा की, आपल्या काळातील पशुवैद्यकातील पारंपरिक उपचारांचे महत्त्वाचे काम तंजावरातच झाले. तमिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाच्या तेथील केंद्रात प्रा. एन. पुण्यमूर्ती यांनी पशुपालकांकडील उपचार गोळा करून ठरावीक मात्रांत बांधले. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पुढे त्यांचा प्रसार केला. कासदाहावरील त्यांचा लेप आता महाराष्ट्रातील अनेक दूध उत्पादकांना परिचित आहे : कोरफड 250 ग्रॅम, हळद पूड 50 ग्रॅम आणि चुना 15 ग्रॅम एकत्र वाटायचे. हळदीतील कर्क्युमिन चुन्याच्या संपर्कात लाल होते, म्हणून लेप तांबडा झाला की तो नीट मिसळला असे समजावे. कास धुऊन, सर्व दूध पिळून काढून, लेपाचा थोडा भाग पाण्यात पातळ करून दिवसातून आठ-दहा वेळा लावायचा, असे सलग पाच दिवस.

या उपचाराचे मोल दोन कारणांनी आहे. मात्रा ठरलेली असल्याने तो तपासता येतो, आणि सौम्य कासदाहात प्रतिजैविकांचा वापर कमी झाला तर दुधातील अवशेषही कमी होतात. परंतु गाय चारा सोडते, ताप चढतो, कास दगडासारखी होते किंवा दुधाऐवजी पाणी-रक्त येते, तेव्हा लेपाच्या भरवशावर थांबणे म्हणजे सड गमावणे, प्रसंगी जनावरही.

गोचिडांवरील पारंपरिक फवाऱ्यात लसूण, कडुनिंब, हळद, घाणेरी आणि तुळस यांबरोबर पुन्हा वेखंड आहेच. येथे कीटकशास्त्राची एक पुस्ती जोडणे आवश्यक वाटते. गोचीड अंडी घालते ती जनावराच्या अंगावर नव्हे, तर गोठ्याच्या भेगांत आणि गव्हाणीच्या सांध्यांत. त्यामुळे फक्त अंगावर फवारणी करून आठवड्याने ‘औषध चालत नाही’ म्हणणाऱ्याने आधी भिंतीच्या भेगा बुजवाव्यात. वनौषधी वापरा किंवा रासायनिक औषध, हा हिशेब दोहोंना सारखाच आहे.

फवारणीच्या दिवशी

पूरक उपचार मुख्य उपचाराच्या जागी बसला की काय होते, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते कीटकनाशकाच्या विषबाधेत. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. अनेकांनी डोळ्यांना अंधुक दिसत असल्याची तक्रार केली होती. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील विषामुळे ॲसिटिलकोलिन शरीरात साचत जाते. लाळ सुटते, घाम फुटतो, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. त्यावर ॲट्रोपिन हे प्रतिविष आहे आणि ते रुग्णालयातच, वारंवार मात्रा तपासत द्यावे लागते. चिंचेचे पाणी, तूप, दूध, लिंबू यांपैकी कशानेही हे विष उतरत नाही. तूप व दुधातील स्निग्धांशामुळे काही विषे उलट अधिक शोषली जाण्याचा संभव असतो, आणि अर्धवट शुद्धीत पाजलेला पातळ पदार्थ फुप्फुसात जाऊ शकतो.

अशा वेळी रुग्णाला फवारणीच्या जागेपासून मोकळ्या हवेत आणावे, भिजलेले कपडे उतरवावेत, अंग साबण-पाण्याने आणि डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत, तोंडाने काहीही देऊ नये, मुद्दाम उलटी करवू नये आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत; ते नसल्यास प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधाव्यात. सर्वच कीटकनाशकांना प्रतिविष नसते आणि यवतमाळात मजुरांनी एकापेक्षा अधिक औषधे मिसळून फवारली होती. म्हणून टाकीत जे जे ओतले त्या प्रत्येकाचा डबा किंवा त्यावरील लेबल, मिसळलेल्या मात्रेसह आणि फवारणीच्या वेळेसह, रुग्णाबरोबर डॉक्टरांच्या हाती पडले पाहिजे.