रुईच्या गाठीत लपलेली आग

मी शाळेत असताना धुळ्याच्या एका जिनिंग कारखान्यात आग लागली होती. बंब आले, पाण्याचा मारा झाला, ज्वाळा विझल्या आणि माणसे घरोघर गेली. पहाटे पाहतात तो, त्याच गाठींतून पुन्हा धूर येत होता! त्या रात्री आणखी एक घोटाळा झाला. धोका नको म्हणून कोणीतरी विजेचा मेन स्विच बंद केला आणि त्याबरोबर विहिरीवरचा पंपही बंद पडला.

विझलेली आग पुन्हा का पेटली? पंप ऐन वेळी का थांबला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे, दुसऱ्याचे पूर्वतयारीत.

जळगाव-धुळ्याकडे दिवाळीच्या सुमारास कापूस जिनांत येऊ लागतो. तेथे सरकी वेगळी काढतात आणि रुई दाबून सुमारे १७० किलोग्रॅमची एकेक गाठ बांधतात. आग लागण्यास जळणारा पदार्थ, प्राणवायू आणि पुरेशी उष्णता या तीन गोष्टी लागतात. रुई तर तेथे असतेच, हवाही असते. उणीव फक्त उष्णतेची. कापसातून आलेला खडा किंवा खिळा यंत्राच्या पोलादावर आपटला की ठिणगी उडते आणि तीही उणीव भरून निघते.

मोकळ्या रुईचे तंतू सुटे असल्याने त्यांना चोहोबाजूंनी हवा मिळते. म्हणून ढिगावरून ज्वाळा झपाट्याने पळते. गाठीत मात्र तंतू दाबलेले असतात. तरीही गाठीचा निम्म्याहून अधिक भाग तंतूंमधील हवेनेच व्यापलेला असतो. या थोड्या हवेवर आग ज्वाळेविना, आतल्या आत धुमसत राहते. बाहेरून पाणी मारले तरी ते आत शिरत नाही. कारण कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो आणि पाण्याचा पृष्ठताणही आड येतो.

आता थोडे गणित करू. १ किलोग्रॅम कापूस जळला की सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता निघते. ३० अंश सेल्सिअसच्या १ लिटर पाण्याची वाफ होताना ७० + ५४०, म्हणजे ६१० किलोकॅलरी शोषल्या जातात. यावरून १० ग्रॅम रुईची उष्णता शोषण्यास जेमतेम अर्धा पेला पाणी पुरेल, पण संपूर्ण गाठीला सुमारे १,१०० लिटर लागेल! पहिल्या मिनिटातील एक बादली नंतरच्या बंबाहून मोलाची, ती यामुळेच.

आपल्याच राज्यातील एक उदाहरण पाहा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावरील कापसाच्या गाठी धुमसू लागल्या. त्याच जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले आणि शेकडो माणसे प्राणांस मुकली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

यातून कारखान्याने काय शिकावे?

१. कापूस यंत्रात जाण्यापूर्वी लोहचुंबकाने लोखंडाचे तुकडे काढावेत.
२. गाठींच्या थप्प्यांत रुंद वाटा सोडाव्यात, म्हणजे एका थप्पीची आग दुसरीकडे जात नाही.
३. आगीच्या पंपाला डिझेलचे इंजिन किंवा मेन स्विचच्या आधीच घेतलेली स्वतंत्र वीजजोडणी असावी.
४. बंब कोणी बोलवायचा, वीज कोणी तोडायची, कामगारांची मोजदाद कोणी करायची, हे आधीच ठरवून त्याची तालीम घ्यावी.
५. जळालेली गाठ उघड्या जागी नेऊन, फोडून आतपर्यंत भिजवावी आणि तिच्यावर पहारा ठेवावा.

आता एक निर्धोक प्रयोग करा. शेतातील बोंडाचा कापूस सरकी काढून पाण्याच्या वाटीत टाका. तो तरंगत राहील. मग पाण्यात थोडी साबणाची पूड विरघळवा. कापूस भिजून बुडू लागेल. साबणाने पृष्ठताण कमी होतो. गाठ विझवताना पाण्यात असाच पदार्थ का मिसळतात, हे आता तुम्हीच सांगा!