हिशेबाची भाषा

चि. बाळास,

तुझे पत्र पावले. व्यापाऱ्याचा जमाखर्च सांभाळणारे सॉफ्टवेअर पायथनमध्ये लिहावे की जावामध्ये, या विवंचनेत तू पडला आहेस. परंतु कोणतीही भाषा पत्करण्यापूर्वी ती पैशाची रक्कम कशी धरून ठेवते, याची तू कसून चौकशी करावीस, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पायथनच्या साध्या अपूर्णांकांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून पाहा, उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येईल, कारण यंत्र अशा संख्या द्विमान पद्धतीने साठविते आणि एकदशांशाला त्या पद्धतीत पूर्ण रूपच नाही. एखाद्या बिलात ही तफावत नजरेस येत नाही, पण हजारो नोंदींची तेरीज जुळविताना एका पैशासाठी कारकुनाला सारे दप्तर उपसावे लागते. १९५९ साली अमेरिकेत व्यापारी कामकाजासाठी कोबोलची आखणी झाली, तेव्हा रकमेचे अंक किती आणि दशांशचिन्ह कोठे, हे आरंभीच जाहीर करण्याचा दंडक त्या भाषेत घातला गेला. ती दूरदृष्टी मला आजही वंदनीय वाटते. पायथनमधील डेसिमल आणि जावामधील बिगडेसिमल दशांश रक्कम अचूक धरून ठेवण्याची सोय देतात. ती वापर, आणि डेटाबेसमधील रकमेचा रकानाही त्याच जातीचा ठेव.

जमा आणि नावे या दोन्ही बाजू एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये लिहाव्यात, म्हणजे मध्येच वीज गेली तर दोन्ही रद्द होतील, एकटी कोणतीच उरणार नाही. चुकलेली नोंद पुसून टाकण्याची मुभा मात्र कोणासही देऊ नकोस. उलट नोंद करूनच ती दुरुस्त व्हावी. आपल्याकडील कंपन्यांच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर प्रत्येक फेरफाराची तारखेनिशी नोंद ठेवणारे असावे आणि ती नोंद बंद करता येऊ नये, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहे.

मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्ट या व्यावसायिक हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड पायथनमध्ये असून तो सर्वांस खुला आहे. विक्रीचे बिल सबमिट होताच खतावणीत नोंदी कशा उतरतात, तेवढा भाग तरी सावकाश वाच. नंतर आपल्या डेटाबेसमधील तक्त्यांचा आराखडा एखाद्या जाणत्या मुनिमाला दाखव आणि त्याच्या शंका फिटेपर्यंत कोडला हात लावू नकोस. त्यानंतर तू पायथन घेतलीस काय किंवा जावा घेतलीस काय, माझी हरकत नाही.

तुझा,
काका