यकृतदाता शोधताना: पॅकेजच्या बाहेरचा खर्च

यकृत प्रत्यारोपणाला किती लागतील, असे विचारले की रुग्णालयाचा समन्वयक एक आकडा सांगतो. मुंबई-पुण्यातल्या खासगी रुग्णालयांत जिवंत दात्याकडून होणाऱ्या प्रत्यारोपणाचे पॅकेज साधारण 20 ते 30 लाखांच्या घरात जाते. घरचे लोक लगेच पीएफ, दागिने, शेत असा हिशोब मांडायला बसतात. पण पैसा गळू लागतो तो त्याआधीच, दाता शोधताना.

दाता कोण होऊ शकतो हे आधी पक्के करा. अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा आणि त्यातली 2011 ची दुरुस्ती यांनुसार पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडे हे जवळचे नातेवाईक. चुलतभाऊ, मेहुणा, जावई, सून यात येत नाहीत. ते देऊ शकतात, पण त्यांचे प्रकरण प्राधिकार समितीपुढे जाते. तिथे मुलाखत होते, पैशांचा व्यवहार नाही ना हे तपासले जाते, आणि यात वेळ जातो. रुग्णाला कावीळ चढलेली असताना आणि पोटात पाणी साठत असताना हा वेळच सर्वांत महाग पडतो.

आता तपासण्या. घरातले तिघे पुढे आले म्हणून तिघांच्याही सगळ्या तपासण्या एकदम करू नका. एका दात्याची संपूर्ण तपासणी 50 हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत जाऊ शकते, आणि दाता नापास झाला तरी ते पैसे परत येत नाहीत. आधी रक्तगट बघा; तो जुळता हवा, आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा अडसर इथे नसतो. मग वय (18 पूर्ण, वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी 50-55), वजन, मधुमेह. मग लिव्हर फंक्शन आणि सोनोग्राफी. आपल्याकडे बरेच दाते इथेच अडतात, फॅटी लिव्हरमुळे. एवढ्यात पास झालेल्या एकाच माणसाला सीटी अँजिओग्राफी आणि एमआरसीपीकडे (पित्तनलिकांच्या एमआरआयकडे) पाठवा. सीटीवर यकृताचे आकारमान मोजतात. दात्याकडे किमान 30 ते 35 टक्के यकृत उरले पाहिजे आणि रुग्णाला मिळणारा तुकडा त्याच्या वजनाच्या साधारण 0.8 टक्के तरी भरला पाहिजे.

चरबीमुळे नाकारलेला दाता कायमचा बाद झाला असे समजू नका. दोन-तीन महिने आहार सांभाळून, रोज चालून वजन उतरवल्यावर तोच माणूस पास झाल्याची उदाहरणे डॉक्टरांकडे भरपूर असतात. रुग्णाला तेवढी सवड आहे का, हे मात्र डॉक्टरच सांगतील. रक्तगट जुळत नसेल तर दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल कायद्याने करता येते. समन्वयकाला त्याबद्दल स्वतःहून विचारा.

कागदपत्रांत सर्वांत जास्त हेलपाटे बहिणीच्या आणि मुलीच्या वाट्याला येतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे आडनाव, आधारवर सासरचे, रेशनकार्डावर तिसरेच काहीतरी. विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र पहिल्याच आठवड्यात काढायला टाका. कागदपत्रांच्या पडताळणीची कटकट वाटते खरी, पण 2022 मध्ये पुण्यात एका बाईला रुग्णाची पत्नी म्हणून उभे करून किडनी काढल्याचे प्रकरण उघडकीस आले होते. म्हणून ही चाळणी लागते. दाता स्त्री असेल तर तिची संमती स्वतंत्रपणे, रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्याकडून पडताळावी, असे नियमच सांगतो. ‘बायकोनेच द्यायचे’ हे गृहीत धरणाऱ्या घरांना हे कुणीतरी ऐकवायलाच हवे. दात्याला शेवटच्या क्षणीही नाही म्हणता येते.

एस्टिमेट हातात आले की त्यात काय नाही ते वाचा. दात्याचे किती दिवस आणि रुग्णाचे आयसीयूचे किती दिवस धरले आहेत? अल्ब्युमिनच्या बाटल्या, रक्त-प्लाझ्मा, हेपॅटायटिस बीच्या रुग्णाला लागणारे इम्युनोग्लोब्युलिन, पित्तनलिकेत अडथळा आल्यास स्टेंट, पुन्हा पोट उघडावे लागल्यास त्याचे बिल, हे सगळे बऱ्याचदा पॅकेजबाहेर असते. उत्तरे लेखी घ्या. पॅकेजच्या वर पाच-सात लाखांची तजवीज ठेवावी, असे माझे मत. त्यानंतर शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे जन्मभर. पहिल्या वर्षी औषधे आणि रक्ततपासण्या मिळून महिन्याला 15-20 हजार धरा.

दात्याचा हिशोब मात्र कुणी मांडतच नाही. आठवडाभर रुग्णालय, दीड-दोन महिने कामावरून सुट्टी, तीन महिने जड उचलणे बंद. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला अवयवदानासाठी 42 दिवसांची विशेष रजा आहे. रिक्षावाल्या भावाला ती कोण देणार? दात्याची बुडालेली मजुरी आणि प्रत्यक्ष झालेला खर्च भरून देणे कायद्याने गुन्हा नाही. अवयवाची किंमत म्हणून पैसे देणे हा गुन्हा आहे, आणि त्याला 5 ते 10 वर्षे कैद आणि 20 लाख ते 1 कोटी रुपये दंड होऊ शकतो.

विमा पॉलिसीत दात्याची शस्त्रक्रिया बहुधा धरलेली असते, पण तपासण्या आणि नंतरचे उपचार बहुधा वगळलेले असतात. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि ती ओलांडली, तर बिलातले इतर काही खर्चही त्या प्रमाणात कापले जाऊ शकतात. मदतीसाठी मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि सिद्धिविनायक न्यास यांच्याकडे अर्ज शस्त्रक्रियेआधीच करा. रुग्णालय धर्मादाय असेल तर तिथे 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीत असतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या सामाजिक कार्यकर्त्याला भेटा. महात्मा फुले योजनेत आज काय बसते, ते आरोग्यमित्राकडून लिहून घ्या.

आणि घरात दाता शोधत असतानाच मृत दात्याच्या यकृतासाठी झेडटीसीसीच्या, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, प्रतीक्षायादीत नाव घाला. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ही केंद्रे आहेत आणि नोंदणी रुग्णालयामार्फतच होते. पैसे घेऊन दाता आणून देतो किंवा यादीत वर नेतो म्हणणारा कुणी भेटला, तर त्याचा नंबर पोलिसांकडे द्या.