ईदची खरेदी

उर्दूत ज्याला तुम्ही 'तोहफा' म्हणता त्याला मराठीत 'भेट' म्हणतात. पण 'भेट' म्हणजे मुलाकातसुद्धा. माणसाला भेटणे आणि त्याला काही देणे, या दोन्हींसाठी मराठीने एकच शब्द ठेवला आहे. लग्नात दिलेल्या कपड्यांना आहेर, लहान मुलांसाठी आणलेल्या गोड पदार्थांना खाऊ आणि भाऊबीजेला बहिणीला मिळते ती ओवाळणी. आपली ईदी मात्र मराठीतही ईदीच! दुकान, खरेदी, किंमत, हिशेब, वजन, नमुना, पसंत हे शब्दही तुमच्या ओळखीचेच आहेत. ते फारसी-अरबीतून मराठीत आले. 'खिसा' हासुद्धा फारसी 'कीसा'च आहे. तो महिनाअखेरीस हलका होतो, हे दोन्ही भाषांत सारखेच.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अनेक घरांचा खिसा कापसावर भरतो. ईद मात्र शेतीचा हंगाम पाहून येत नाही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून ईद दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते. २०१६ साली रमजान ईद ७ जुलैला होती आणि २०१८ साली १६ जूनला. ते पेरणीचे दिवस. बियाणे घ्यायचे की कपडे, हा प्रश्न तेव्हा किती घरांत पडला असेल! २०२४ साली ईद ११ एप्रिलला आली आणि २०२५ साली ३१ मार्चला. तोवर कापूस विकला गेलेला असतो, पण ऊन तापू लागलेले असते. १९९९ साली ईद जानेवारीत होती. त्या ईदेला स्वेटर शोभला असता. एप्रिलच्या ईदेला तोच स्वेटर पेटीत पडून राहील. म्हणून ईद कोणत्या महिन्यात आहे, हे आधी पाहा.

आता दुकानात जाऊ. कपडे, चपला, भांडी, खेळणी असे निरनिराळे विभाग एकाच छपराखाली असतात, त्या दुकानाला डिपार्टमेंटल स्टोअर म्हणतात. पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको यांनी १८५२ सालापासून 'बाँ मार्शे' हे दुकान अशा पद्धतीने वाढवले. वस्तूवर किंमत लिहिलेली आणि ती सर्वांना सारखी, ही त्याची रीत होती. मुंबईच्या फोर्ट भागातील 'अकबरअलीज' हे असेच नावाजलेले दुकान होते. त्याची सुरुवात १८९७ सालची. मुंबईतच नायगावला १९४८ साली सहकारी तत्त्वावर 'अपना बाजार' सुरू झाला.

अशा दुकानात घासाघीस नसते, ही सोय आहे. पण तेथे एक धोकाही आहे. सारे काही डोळ्यांसमोर मांडलेले असते आणि हात आपोआप पुढे जातो. यावर उपाय म्हणजे घरूनच यादी करून नेणे. ती दुकान पाहून नव्हे, घरातील माणसे पाहून करावी लागते.

समजा, फित्र्याचे आणि शीरखुर्म्याचे पैसे बाजूला काढून तुमच्याजवळ तीन हजार रुपये उरले. घरात दादी, अब्बा, अम्मी, मोठी बहीण आणि धाकटा भाऊ आहे. अब्बांना विचाराल तर ते म्हणतील, "मला काही नको, कपडे आहेत." त्यांच्या शब्दांवर जाऊ नका, त्यांच्या सदऱ्याकडे पाहा. कॉलर विरली असेल, शिंप्याकडून उलटवून घेतली असेल, तर यादीत पहिले नाव त्यांचे लिहा. शर्टाचे कापड घेताना त्याचा पनहा, म्हणजे रुंदी, विचारा. ३६ इंच पनह्याचे कापड सुमारे सव्वादोन मीटर लागते. ५८ इंच पनह्याचे एक मीटर साठ सेंटिमीटर पुरते. तयार शर्ट घ्यायचा असेल तर आतली पट्टी वाचा. पांढऱ्या सोन्याच्या या जिल्ह्यात आपण पुष्कळदा ६५ टक्के पॉलिएस्टरचा शर्ट 'सुती' समजून घरी आणतो! सुती कापड धुतल्यावर थोडे आटते, तेवढे माप जास्त धरा.

दादी चप्पल घालून पाहायला बाजारात येऊ शकत नसतील, तर त्यांचे पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने आकृती काढून न्या. चप्पल मऊ आणि न घसरणारी हवी. चमक नसली तरी चालेल.

अम्मीसाठी बहुतेक मुले कुकर किंवा डब्यांचा संच सुचवतात. मला हे पटत नाही. कुकर घराला लागतो, तो घरखर्चातून यावा. अम्मीसाठी असे काही घ्या, जे फक्त तिचेच असेल. एखादी मलमलची ओढणी, किंवा अत्तराची छोटी कुपी. बहिणीला बांगड्या आवडतात, पण त्यांचा रंग तिचा तिलाच निवडू द्या. धाकट्याचे खेळणे मात्र दुकानातच एकदा चालवून बघा. नाहीतर ईदच्या दिवशी रडारड!

वेष्टनात बंद असलेल्या वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, आणि तिच्यात सर्व कर धरलेले असतात. त्यापेक्षा एक रुपयाही जास्त मागता येत नाही. पैसे दिल्यावर पावती घ्या. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही," अशी पाटी दिसली तरी घाबरू नका. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी आता २०१९ चा कायदा आहे. पावती न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. सदोष माल पावतीवरील मुदतीत परत न घेणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरले जातात. दुकानदाराशी बोलताना आवाज चढवू नका. "भाऊ, ही शिवण उसवलेली आहे, कृपया बदलून द्या," एवढे पुरे.

आणि चांदरातीपर्यंत थांबू नका. त्या रात्री दुकाने उशिरापर्यंत उघडी असतात खरी, पण गर्दीत आतली पट्टी कोण वाचणार? शिवाय शिंपी त्या दिवसांत नवे कापड हातात घेत नाही. अब्बांचे कापड पंधराव्या रोज्याच्या आधीच त्याच्याकडे पोहोचू द्या.