भूमीचे पांघरूण

सह्याद्रीच्या कुशीतील एखाद्या देवराईत पाऊल टाकले, की पायांखाली प्रथम माती लागत नाही. लागतो तो पानांचा मऊ थर. वरची पाने कोरडी व कुरकुरीत, त्यांखालची ओलसर व काळपट आणि तळाची तर मातीशी एकरूप झालेली! या राईला कोणी पाणी घालीत नाही, कोणी तेथे खुरपणी करीत नाही. तरीही ती पिढ्यान् पिढ्या हिरवीगार राहते. राईतील काटकीही उचलावयाची नाही, असा पूर्वजांचा दंडक होता. त्या दंडकामुळे तेथील भूमीचे पांघरूण शाबूत राहिले.

आता आपल्या परसबागेचे पाहा. माघ-फाल्गुनात पानगळ सुरू झाली, की आपण पाने झाडून त्यांचा ढीग करतो आणि त्याला काडी लावतो. अंगण स्वच्छ दिसते खरे. परंतु वृक्षाने मुळांवाटे मिळवून पानांत साठविलेल्या नत्राचा बहुतेक अंश धुराबरोबर निघून जातो. उघडी पडलेली जमीन चैत्र-वैशाखाच्या उन्हात भाजून निघते आणि पहिल्या पावसाबरोबर तिच्यावर तणांचे रान माजते.

पालापाचोळा, वाळलेले गवत, भाताचा पेंढा अथवा उसाचे पाचट यांनी झाडांभोवतीची जमीन झाकणे, यास ‘आच्छादन’ म्हणतात. त्यामुळे ओल टिकते, हे सर्वांस ठाऊक असते. पण तण व रोग यांनाही ते आवर घालते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही.

जमिनीच्या वरच्या थरात तणांचे असंख्य बी निद्रिस्त असते. त्यांतील पुष्कळशा बारीक बियांना जागे होण्यासाठी ओलाव्याबरोबर प्रकाशही लागतो. खुरपणीने एक तण निघते. परंतु माती खालीवर होऊन तळचे बी उजेडात येते. आच्छादनाखाली त्याला उजेड मिळत नाही. एखादे बी रुजलेच, तरी वर पोहोचण्यापूर्वीच त्याची शिदोरी संपते. मात्र हरळी व लव्हाळा यांना हा उपाय पुरत नाही. लव्हाळ्याचा टोकदार कोंब जाड थरही भेदून वर येतो. त्याच्या गाठी खणूनच काढाव्या लागतात.

रोगांची कथा याहून निराळी आहे. कित्येक रोगांच्या बुरशी मातीत व पिकांच्या कुजक्या अवशेषांत दबा धरून बसतात. त्यांना पाय नाहीत, पंख नाहीत. मग त्या पानांवर चढतात कशा? पाऊसच त्यांचे वाहन होतो. पावसाचा टपोरा थेंब ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. त्या आघाताने उडालेले शिंतोडे मातीसह खालच्या पानांना चिकटतात आणि त्यांबरोबर बुरशीही तेथे पोहोचते. टोमॅटोवरील करपा बहुधा तळच्या पानांवर प्रथम दिसतो, याचे हे एक कारण होय. पेंढ्याचा थर थेंबाचा आघात स्वतःवर झेलतो. त्यामुळे माती उडत नाही आणि मातीला टेकून सडणारी फळेही वाचतात. तथापि हा प्रतिबंध आहे, औषध नव्हे. मुळांवाटे शिरणारा मर रोग आच्छादनाने थांबत नाही.

आच्छादन घालण्याचीही रीत आहे. प्रथम तण काढून जमिनीस पाणी द्यावे. मग दोन ते चार इंच जाडीचा थर पसरावा. खोडाभोवती किमान चार बोटे जागा मोकळी ठेवावी. ओला पाला खोडाला भिडला, तर बुंधाच कुजू लागतो. रोगट झाडांचा पाला व बी धरलेले गवत वापरणे म्हणजे चोरालाच पहाऱ्यावर नेमणे होय! पाणी साचणाऱ्या जागी पावसाळ्यात थर पातळ ठेवावा आणि वाळवी किंवा गोगलगायी झाल्या आहेत काय, हे अधूनमधून पाहावे.

अलीकडे शेतकरी प्लॅस्टिकचा कागदही अंथरतात. त्याची काळी बाजू तणाला प्रकाश मिळू देत नाही. रुपेरी बाजूवरून परतणाऱ्या उजेडाने मावा बिचकतो आणि माव्याने पसरणारे रोग काहीसे आटोक्यात राहतात. त्याचे गुण मान्य केले पाहिजेत. परंतु तो कुजत नाही; फाटला, की त्याच्या चिंध्या मातीत उरतात. पालापाचोळा मात्र स्वतः झिजून नाहीसा होतो. गांडुळे व सूक्ष्म जीव त्याचे खत करतात आणि झाडाने भूमीकडून घेतलेले ऋण अंशतः फिटते.

मुलांनो, येत्या फाल्गुनात शाळेच्या आवारात पानांचा ढीग जमेल. एका काडीने त्याची घटकाभरात राख होईल. एका टोपलीने तोच ढीग झाडांच्या मुळाशी पोहोचेल. यांतील काय हाती घ्यावयाचे, हे तुम्हीच ठरवावयाचे आहे.

स्वाध्याय

१. देवराईतील जमीन व परसबागेतील जमीन यांत लेखकाने कोणता भेद दाखविला आहे?
२. ‘पाऊसच त्यांचे वाहन होतो,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. ‘चोरालाच पहाऱ्यावर नेमणे’ या शब्दप्रयोगाचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.
४. बागेतील एका वाफ्यावर आच्छादन घाला व दुसरा तसाच उघडा ठेवा. महिनाभर दोहोंतील तणांची नोंद करून त्यावर दहा ओळी लिहा.