पंचांना दिसलं नव्हतं

मागच्या महिन्यात किशोर गटाचा कबड्डीचा एक सामना होता. चढाईला आलेल्या मुलाचा हात डाव्या कोपरारक्षकाच्या बोटांना जेमतेम चाटून गेला. आम्हा दोन्ही पंचांना ते दिसलं नाही. तो कोपरारक्षक क्षणभर थबकला, हात वर केला आणि आपणहून बाहेर जाऊन बसला. सामना एका गुणाने गेला. नंतर त्याचे वडील त्याला मैदानामागे म्हणत होते, "पंचांना दिसलं नव्हतं ना? मग तुला कुणी विचारलं होतं?"

हे गृहस्थ वाईट नाहीत हो. पहाटे साडेपाचला मुलाला सरावाला सोडून मग कामावर जातात. म्हणूनच तुम्हा पालकांशी बोलावंसं वाटलं. बेशिस्त खेळाडूसाठी पंचाच्या खिशात हिरवं, पिवळं, लाल कार्ड असतं. रेषेबाहेरून ओरडणाऱ्या पालकांसाठी काहीच नसतं.

वजनाच्या दिवशी तर बघवत नाही. गटाला वजनाची मर्यादा असते. पोरं रेनकोट घालून पळतात, आदल्या रात्रीपासून पाण्याचा घोट नाही, आणि काट्याशेजारी आई उभी: "दोनशे ग्रॅमच राहिलंय, थुंक अजून." वाढत्या वयाचं पोर ते! दुपारी पायात पेटके आले की पुन्हा आपणच धावणार. जन्मदाखल्याचं काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको. राहुल द्रविड 2015 च्या पतौडी व्याख्यानात क्रिकेटमधल्या वयचोरीवर स्पष्ट बोलले होते: खोट्या वयाचा मुलगा संघात येतो, तेव्हा खऱ्या वयाच्या मुलाची जागा जाते. ती जागा कुणाची, हे घरी दाखला 'दुरुस्त' करताना कुणी बघत नाही.

आता पोरं ज्या मंडळाकडून खेळतात, त्याच्याकडे वळू. फी किती, ते आपल्याला तोंडपाठ असतं. ती जाते कुठे, हे कधी विचारलंत? मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल, तर दर वर्षी हिशेब तपासून घेणं त्याला बंधनकारक आहे. मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत कोण बाई आहेत, मुक्काम कुठे, हे विचारायचं 'सर काय म्हणतील' या संकोचापोटी राहून जातं. पोर सरावाला जायला अचानक नको म्हणू लागलं, तर आधी रागावू नका, ऐकून घ्या. काही भलतंच निघालं, तर मंडळाच्या अब्रूची चिंता करत बसू नका. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे.

"जास्त विचारलं तर पोराला संघातून काढतील." ही भीती खोटी नाही. म्हणून एकट्याने जाऊ नका. चार-पाच पालक मिळून जा, लेखी विचारा, वार्षिक सभेला बसा.

तो डावा कोपरारक्षक पुढच्या सामन्यात राखीव खेळाडूंत बसलेला दिसला. का, ते मी पंच असल्यामुळे विचारू शकत नाही. तुम्ही विचारू शकता.