परदेशात फोन बंद पडला तर आयफोन घ्यावा की अँड्रॉइड?

जाम, समुद्रपूर, हिंगणघाट या भागातून शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या खिशात बहुतेक वेळा दोन सिमचा अँड्रॉइड फोन असतो, नागपूरला सीताबर्डीवर किंवा हिंगणघाटात घेतलेला. परदेशातल्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांत तो कधीतरी हातातून पडतो, पाण्यात जातो, नाहीतर त्याची चार्जिंग पिन जाते. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न येतो, "आता आयफोन घेऊ की पुन्हा अँड्रॉइड?" उत्तरं भराभर येतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येक जण आपापल्या देशातून बोलत असतो. तिकडे बरीच वर्षं राहिलेल्या कुटुंबांचं म्हणणं एकत्र करून, आणि जिथे गरज आहे तिथे आमचं मत घालून, हे टिपण केलं आहे.

सगळ्यात आधी एक आग्रहाची सूचना. दुसऱ्या कंपनीच्या फोनवर जायचं मनात असलं तरी फुटलेला फोन तेवढ्यापुरता चालू करून घ्या. बंद फोनमधून अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा उलट जाता येतं ते फार थोडं सामान घेऊन. फोन नंबर आणि फोटो गूगलच्या किंवा अ‍ॅपलच्या खात्यात साठवलेले असतील तर मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपचं तसं नाही. अँड्रॉइडवरचं व्हॉट्सअ‍ॅप आपला बॅकअप गूगलच्या खात्यात ठेवतं, आयफोनवरचं आयक्लाउडमध्ये, आणि एकाचा बॅकअप दुसऱ्याला उघडता येत नाही. आयफोनवरून अँड्रॉइडवर गप्पा नेण्याची सोय २०२१ मध्ये आली आणि अँड्रॉइडवरून आयफोनवर नेण्याची २०२२ मध्ये, पण त्यासाठी दोन्ही फोन जिवंत आणि शेजारी-शेजारी हवेत. नवा आयफोन अजून सुरूच न केलेला किंवा पूर्ण पुसून कोरा केलेला हवा, नंबर तोच हवा, दोन्ही फोन चार्जरला आणि एकाच वायफायवर हवेत. घाईघाईने नवा फोन सुरू करून त्यावर व्हॉट्सअ‍ॅप टाकलं की पुढे सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागतं. त्या गप्पांमध्ये घरभाड्याचे निरोप असतात, विद्यापीठाच्या कागदांचे फोटो असतात, आणि आजी-आजोबांच्या आवाजातले निरोपही असतात.

स्क्रीन फुटून स्पर्श चालेनासा झाला, पण चित्र दिसतंय, अशा अँड्रॉइडवर एक साधा उपाय चालतो. संगणकाचा वायरवाला माउस आणि एक छोटा ओटीजी जोड घ्या, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. जोड फोनच्या चार्जिंगच्या खाचेत घालून त्यात माउस लावा. स्क्रीनवर बाण दिसू लागतो. त्या बाणाने पॅटर्न ओढा किंवा पिन टाका, आत शिरा, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप त्याच वेळी हाताने घ्या आणि फोटो वर चढवून घ्या. बहुतेक अँड्रॉइड फोनवर हे जमतं. आयफोनवर मात्र ही युक्ती आयत्या वेळी भरवशाची नाही. माउस चालवण्याची सोय आधीपासून सुरू करून ठेवलेली असावी लागते आणि बंद कुलपाचा आयफोन बाहेरची वस्तू सहजी आत घेत नाही. त्यामुळे आयफोनवाल्याला स्क्रीन बदलून घेण्यावाचून फारसा मार्ग नाही. दुरुस्तीचा आकडा ऐकून जीव हळहळतो, तरी करून घ्या.

फोन मुळीच चालू होत नसेल तर आमचा सल्ला सरळ आहे: जो होता तोच प्रकार पुन्हा घ्या. अँड्रॉइड गेला असेल तर अँड्रॉइड, आयफोन गेला असेल तर आयफोन. जुना बॅकअप उतरवून घ्या, काम सुरू करा. पुढे बदलायचंच असेल तर दोन्ही फोन धडधाकट असताना, सुटीच्या दिवशी, निवांत बदला.

बॅकअप खरोखर होतोय का, हे आजच तपासा. आयक्लाउडमध्ये फुकटची जागा फक्त ५ जीबी असते, गूगलकडे १५ जीबी. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप २०२४ पासून त्या १५ जीबीतच मोजला जातो. जागा भरली की बॅकअप थांबतो, आणि ते फोन फुटेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

फोनसोबत तुमची ओळखही अडकते. सिंगापुरात सिंगपास, अमिरातीत यूएई पास, नेदरलँड्समध्ये डिजीडी ही सरकारी दारं फोनवरच्या अ‍ॅपने उघडतात. जर्मनीत बँकेतून पैसे पाठवताना मंजुरी बहुधा फोनवरूनच द्यावी लागते. ब्रिटनमध्ये बहुतेकांची प्लास्टिकची निवासकार्डं २०२४ अखेरीस संपली, आता ई-व्हिसा आहे, आणि घरमालकाला किंवा नोकरीच्या ठिकाणी दाखवायचा शेअर कोड ऑनलाइन खात्यातून काढावा लागतो. त्या खात्यात शिरायला पुन्हा फोन किंवा ईमेलवर कोड येतो. ही सगळी अ‍ॅप दोन्ही प्रकारच्या फोनवर चालतात, त्यामुळे निवडीत त्यांचा अडसर नाही. अडसर येतो तो नव्या फोनवर पुन्हा नोंदणी करण्याचा. म्हणून खात्यांचे पर्यायी (बॅकअप) कोड कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवा आणि महत्त्वाच्या खात्यांना एक ईमेल असा जोडा जो लॅपटॉपवरही उघडतो.

आता सिम. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. भारतातला नंबर बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवावाच लागतो, म्हणजे त्याचं रिचार्ज चुकवायचं नाही. पण २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिम घालायची खाचच नाही. तिथे फक्त ई-सिम चालतं. २०२५ च्या आयफोन १७ पासून जपान, कॅनडा, अमिराती अशा आणखी काही देशांत तेच झालं, आणि गूगलचा पिक्सेल १० सुद्धा अमेरिकेत खाचेविना आला. म्हणजे जुन्या फोनमधून काढलेलं भारतातलं सिम हातात धरून तुम्ही दुकानात उभे, आणि ते घालायला जागा नाही. जिओ, एअरटेल, व्हीआय यांची ई-सिम मिळते, पण त्यासाठीची विनंती साधारणपणे त्याच सिमवरून मेसेज पाठवून करावी लागते, आणि सिम बदललं की फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात. बँकेचं काम त्या दिवशी होत नाही. म्हणून जामहून निघण्यापूर्वीच सिमचं ई-सिम करून घ्या किंवा, याहून सोपं म्हणजे, खाच असलेला एक जुना फोन सोबत न्या. अनेक घरांत भारतातलं सिम असा एक साधा अँड्रॉइड सांभाळतो. तो ड्रॉवरमध्ये असतो, आठवड्यातून एकदा चार्ज होतो, ओटीपी त्यावर येतात. नवा फोन कोणता घ्यायचा ही चिंता त्यामुळे निम्मी होते.

सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, काही आखाती देश इथल्या नंबरांवर एनआरई-एनआरओ (परदेशस्थ भारतीयांच्या) खात्यासाठी यूपीआय सुरू करण्याची मुभा २०२३ च्या सुरुवातीला मिळाली आहे. तुमची बँक ती देते का हे विचारून घ्या, भारतातल्या सिमवरचा भार हलका होईल.

देशानुसार काय बदलतं, तेही पाहा. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या मोबाइल कंपन्यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून थ्रीजी बंद करायला घेतलं. जो फोन आणीबाणीचा ००० नंबर फोरजीवरून लावू शकत नाही, त्याला तिथे नेटवर्कच देत नाहीत. भारतात उत्तम चाललेला स्वस्त फोन तिथे निव्वळ कॅमेरा होऊन बसू शकतो. अमेरिकेत थ्रीजी २०२२ मध्येच गेलं, आणि एटी अँड टी ही कंपनी आपल्या यादीतले फोनच चालू देते. या दोन देशांत जात असाल तर भारतातून नवा अँड्रॉइड घेऊन जाण्याआधी त्याचा मॉडेल क्रमांक तिथल्या कंपनीच्या यादीत शोधा. आयफोनला हा त्रास सहसा होत नाही.

जपानची गोष्ट वेगळी आणि फारशी सांगितली न जाणारी. तिथे रेल्वेचं सुईका कार्ड फोनमध्ये घालून फाटकावर टेकवत सगळं शहर फिरता येतं. २०१७ च्या आयफोन ८ पासून पुढचे आयफोन कुठल्याही देशात घेतलेले असले तरी त्यात सुईका बसतं. बाहेरून नेलेल्या अँड्रॉइडमध्ये बहुधा बसत नाही, जपानातच विकला गेलेला फोन लागतो. टोकियोला जाणाऱ्याने हिशेब एवढ्यावर केला तरी चालेल.

अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलणं बंद आहे, निरोप तेवढे जातात. आयफोनचं फेसटाइमही तिथे उपयोगाचं नाही. तिथली कुटुंबं बॉटिमसारखं परवानगी असलेलं अ‍ॅप वापरतात. ते घरच्या फोनवरही लागतं, म्हणून निघण्यापूर्वी आईच्या फोनवर टाकून तिला एकदा वापरून दाखवा. नाहीतर ती तिकडून म्हणत राहील, "तुझा फोन लागूनच नाही राहिला."

अमेरिकेत शाळेत जाणारी मुलं असतील तर आयफोनचा आग्रह घरातूनच सुरू होतो, कारण त्यांच्या मित्रांचे ग्रुप आयमेसेजवर असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये अ‍ॅपलने आरसीएस ही मेसेजची पद्धत घेतल्यापासून अँड्रॉइडशी निरोपांची देवाणघेवाण सुधारली आहे. तरी मुलांच्या बाबतीत आम्ही आग्रहाला मान देऊ. एकट्या विद्यार्थ्याने मात्र त्यासाठी कर्ज वाढवू नये.

पैशाबद्दल बोलायचं तर अमेरिकेत फोन "फुकट" मिळतो तो दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांच्या बांधीलकीवर, आणि हप्ते फिटेपर्यंत बहुधा त्याच कंपनीच्या सिमला कुलूपबंद असतो. असा फोन घेऊन सुटीत जामला आलात तर जिओचं सिम त्यात चालणार नाही. कॅनडात कुलूपबंद फोन विकायला डिसेंबर २०१७ पासून मनाई आहे, ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून. व्हिसाचं नक्की नसलेल्याने पूर्ण पैसे देऊन मध्यम किमतीचा मोकळा फोन घ्यावा. अँड्रॉइड लवकर जुना होतो ही तक्रार महागड्या फोनपुरती आता उरलेली नाही. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ यांना सात वर्षं अपडेटचा शब्द दिलेला आहे. स्वस्त फोनचं मात्र विचारूनच घ्या. युरोपात राहणाऱ्यांसाठी २० जून २०२५ पासून नवा नियम आहे. त्या तारखेपासून बाजारात येणाऱ्या फोनला, विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग मिळायला हवेत. तिथे दुरुस्तीला नव्या फोनाइतकाच मान द्या.

शेवटी घरचा फोन, कारण पहिला पगार झाला की प्रत्येकाला वाटतं, बाबांना आयफोन न्यावा. भावना फार चांगली आहे, तरी थांबा. बाबांचा फोन शेतीचा फोन आहे. २०२१ पासून सातबाऱ्यावरची पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर बांधावर उभं राहून करावी लागते, आणि ते अ‍ॅप त्यांनी प्ले स्टोअरवरून घेतलेलं आहे. २०२५ पासून हमीभावाने कापूस विकायला सीसीआयच्या कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी लागते. ही कामं त्यांनी शेजारच्याच्या मदतीने अँड्रॉइडवर शिकून घेतली आहेत, आणि अडलं तर चौरस्त्यावरच्या दुकानदारालाही अँड्रॉइडच ठाऊक असतो. अमेरिकेतला आयफोन त्यांच्या हाती दिलात तर आधी सिमची खाच नाही, मग स्क्रीन फुटली तर दुरुस्तीला नागपूर. त्यांना चांगल्या बॅटरीचा, मोठ्या अक्षरांचा, भारतात घेतलेला अँड्रॉइड द्या. त्यावर मराठी बोलून लिहिण्याची सोय सुरू करून द्या, गूगलने मराठीला ती २०१७ मध्येच दिली आहे. तुमच्याकडे आयफोन असला तरी बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर होणारच आहे, आणि फेसटाइमची लिंक २०२१ पासून अँड्रॉइडवर ब्राउझरमध्ये उघडते. त्यांच्या गूगल खात्याचा पासवर्ड आणि फोनची पिन सातबाऱ्याच्या फाइलमध्ये कागदावर लिहून ठेवा, आणि त्या खात्याला पर्यायी नंबर म्हणून परदेशातला तुमचा नाही, तर गावातच राहणाऱ्या भावाचा किंवा बहिणीचा द्या.